पेल्यात काय आहे, हे कुणी सांगितलं होतं?

वाचकाचं पत्र:

ताई, नमस्कार. आम्ही कॅलिफोर्नियात, सनीव्हेल आणि आसपासच्या गावांत राहणारी दहा-बारा मराठी मंडळी दर महिन्याला एक पुस्तक वाचून कुणाच्या तरी घरी जमतो. एकदा मराठी, एकदा इंग्रजी असा शिरस्ता आहे. या खेपेला गटातल्या एका तरुण मुलाने अमेरिकन पत्रकार टॉम वुल्फचं 'द इलेक्ट्रिक कूल-एड ॲसिड टेस्ट' सुचवलं. "आपण राहतो तिथलीच गोष्ट आहे," असं तो म्हणाला म्हणून मीही होकार दिला. पहिली बैठक फार वाईट झाली. निम्म्या लोकांना पन्नास पानांपुढे जाता आलं नव्हतं. मुलाकडे राहायला आलेले पंचाहत्तरी ओलांडलेले एक काका म्हणाले, "नशेबाजांच्या भटकंतीत आपण काय शोधतोय? हे आपल्या संस्कृतीत बसत नाही." त्यावर तो मुलगा उसळला. एलएसडी या भास घडवणाऱ्या रसायनाच्या बारीक मात्रा घेतल्या की काम कसं सुधारतं, त्याच्या ऑफिसात कोणकोण घेतं, हे सांगायला लागला. "तुम्हाला नाही कळणार, काका," असंही बोलून गेला. माझी एक मैत्रीण हे सगळं गप्प बसून ऐकत होती. ती चहा न घेताच निघाली आणि रात्री व्हॉट्सॲपच्या गटातून बाहेर पडली. तिचा धाकटा भाऊ मुंबईत गर्दच्या पायी गेला, हे मला नंतर दुसऱ्याच कुणाकडून कळलं. पुढची बैठक तीन आठवड्यांनी माझ्या घरी आहे. पुस्तक बदलून टाकू का? काकांना आणि त्या मुलाला कसं आवरू? शिवाय माझा सोळा वर्षांचा मुलगा ते पुस्तक टेबलावरून उचलून चाळतोय, त्याचीही काळजी वाटते.
– सनीव्हेलची एक वाचक

उत्तर:

प्रिय मैत्रिणी,

पुस्तक बदलू नका. पण पुढच्या बैठकीची तयारी पुस्तकापासून करू नका, मैत्रिणीपासून करा.

तिला भेटायला जा. मेसेज नको, फोनही शक्यतो नको. गेल्यावर भावाचा विषय तुम्ही काढू नका, कारण ती गोष्ट तिने तुम्हाला सांगितलेली नाही. "तू त्या दिवशी उठून गेलीस, तेव्हापासून माझं मन लागत नाहीये," एवढं म्हणा आणि थांबा. तिला सांगायचं असेल तर ती सांगेल, नसेल तर चहा पिऊन परत या. तिने भावाबद्दल सांगितलं, तर बैठकीत येऊन 'दुसरी बाजू' मांडण्याची गळ तिला घालू नका. तिचं दुःख चर्चेतला मुद्दा होण्यासाठी नाही. या महिन्यात यायचं नसेल तर तसं सांग, पुढच्या पुस्तकाला ये, तुझी जागा आहे, हे मात्र स्पष्ट बोला.

आणखी एक सांगते, कारण हा प्रसंग पुन्हा येऊ शकतो. तो तरुण मुलगा किंवा दुसरं कुणी असं म्हणेल की गर्द वेगळं आणि एलएसडी वेगळं. शास्त्राच्या दृष्टीने ते खरं आहे. गर्द म्हणजे हलक्या प्रतीचं हेरॉइन. ते शरीराला जखडून टाकतं, आणि न मिळाल्यास माणूस तडफडतो. एलएसडीची तशी शारीरिक सवय लागत नाही. पण ऐंशीच्या दशकात मुंबईच्या चाळींत आणि कॉलेजांत गर्द शिरलं, तेव्हा कितीतरी घरं आतून पोखरली गेली. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं ते या तडाख्यामुळेच. ज्या घरातला मुलगा त्यात गेला, त्या घरातल्या बहिणीसमोर रसायनशास्त्रातला हा फरक मांडणं निर्दयपणाचं आहे. यजमान म्हणून तुम्ही असं बोलणं तिथल्या तिथे थांबवू शकता, आणि थांबवलाच पाहिजे.

आता पुस्तकाकडे येते. मला ते महत्त्वाचं वाटतं आणि तुमच्या गटाने ते पुरं वाचावं असं मनापासून वाटतं. त्याचं कारण जरा लांबून सांगावं लागेल.

तो मुलगा म्हणाला ते खरंच आहे, ही तुमच्या गावची गोष्ट आहे. स्टॅनफर्डमध्ये लेखनाचं शिक्षण घेणारा, ऑरेगनमधून आलेला केन किझी हा पहिलवान गडी मेन्लो पार्कच्या पेरी लेनवर राहत होता. शेजारच्या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याने त्याला सांगितलं की इथल्या माजी सैनिकांच्या इस्पितळात औषधांच्या चाचण्या चालू आहेत आणि त्यासाठी पैसे मिळतात. १९६०च्या सुमाराला किझी तिथे गेला आणि एलएसडी पहिल्यांदा त्याच्या पोटात गेलं ते सरकारी इस्पितळाच्या खाटेवर. पुढे तिथेच मनोरुग्णांच्या वॉर्डात त्याने रात्रपाळीची नोकरी धरली आणि त्या अनुभवावर १९६२ साली त्याची पहिली कादंबरी आली. ते इस्पितळ आजही विलो रोडवर आहे. त्याच रस्त्याच्या खाडीकडच्या टोकाला फेसबुकचं मुख्यालय आहे, तुमच्यातले काहीजण तिथे रोज जातही असतील. किझी नंतर डोंगरापलीकडे ला होंडाला राहायला गेला. स्कायलाइन ओलांडून हायवे ८४ने खाली उतरलं की रेडवुडच्या दाट सावलीत ते गाव लागतं.

आता यातला पुढचा धागा बघा. वुल्फचं पुस्तक आलं १९६८ साली. त्या चाचण्यांमागे कुणाचा पैसा होता, हे तेव्हा ना वुल्फला ठाऊक होतं, ना किझीला. ते बाहेर आलं १९७५ ते १९७७ या काळात, अमेरिकी सिनेटच्या चौकशीत. सीआयएने १९५३पासून 'एमकेअल्ट्रा' नावाचा गुप्त कार्यक्रम चालवला होता. माणसाच्या मनावर ताबा मिळवता येतो का, हे बघण्यासाठी विद्यापीठांना आणि इस्पितळांना आडमार्गाने पैसा पुरवला जात होता. १९७३मध्ये त्याची कागदपत्रं नष्ट करण्याचे हुकूम सुटले. हिशेबाच्या काही फायली वेगळीकडे ठेवलेल्या होत्या, त्या वाचल्या, आणि त्यांवरून पुढे बरंच उलगडलं. फ्रँक ओल्सन या शास्त्रज्ञाला १९५३ साली सीआयएच्याच लोकांनी त्याच्या नकळत पेयातून एलएसडी पाजलं होतं. नऊ दिवसांनी न्यूयॉर्कच्या एका हॉटेलच्या खिडकीतून पडून तो मेला. त्याच्या कुटुंबाला हे सांगायला सरकारला बावीस वर्षं लागली.

म्हणजे तुमचा गट जेव्हा इस्पितळाचं चौथं प्रकरण वाचतो, तेव्हा लेखकाला नसलेलं ज्ञान वाचकाच्या हाती असतं. अशी संधी फार थोड्या पुस्तकांत मिळते. व्यवस्थेविरुद्ध बंड म्हणून जे मिरवलं गेलं, त्याचा पहिला घोट त्या व्यवस्थेनेच पाजलेला होता. काकांसमोर हे ठेवा. त्यांना या पुस्तकात विचार करण्याजोगं काही नाही असं वाटतंय ना, मग त्यांनाच विचारा, की सरकारने आपल्याच नागरिकांवर असे प्रयोग केले, त्याची नैतिक जबाबदारी कोणाची?

पुस्तकाचा मधला भाग बसचा. १९३९ सालची जुनी शाळेची बस घेऊन तिच्यावर अंगभर रंग फासलेले, आत-बाहेर ध्वनियंत्रणा बसवलेली. १९६४च्या उन्हाळ्यात किझी आणि त्याचे सवंगडी, स्वतःला 'मेरी प्रँकस्टर्स' म्हणवणारे, तिच्यातून न्यूयॉर्कला निघाले. चाकावर टोळीतला नील कॅसडी. एक गोष्ट गटाला सुरुवातीलाच सांगून ठेवा, म्हणजे निम्मे गैरसमज कमी होतील: वुल्फ त्या बसमध्ये नव्हता. तो किझीला भेटला दोन वर्षांनी, १९६६च्या ऑक्टोबरात, रेडवुड सिटीच्या तुरुंगात. बसच्या प्रवासाचं सगळं वर्णन त्याने त्या मंडळींनी काढलेली चाळीसहून जास्त तासांची फिल्म, ध्वनिफिती, पत्रं आणि मुलाखती यांवरून रचलेलं आहे. पण लिहितो असं, की जणू तो प्रत्येकाच्या डोक्यात बसला आहे. नवपत्रकारितेची, म्हणजे खऱ्या घटना कादंबरीच्या ढंगाने लिहिण्याची, ही ताकद होती आणि धोकाही. ज्याच्या डोक्यात तो शिरतो, त्याची बाजू आपल्याला कळते. ज्याच्या डोक्यात शिरत नाही, ते माणूस एक विचित्र पात्र बनून राहतं.

ह्यूस्टनची घटना मला याच कारणासाठी विसरता येत नाही. बसमधली एक तरुणी वाटेत अंगावरचे कपडे टाकून देते, आणि प्रँकस्टर्स तिला 'स्टार्क नेकेड' असं नाव ठेवतात. ह्यूस्टनला एका लेखकमित्राच्या दारात बस थांबते. ती धावत उतरते आणि त्याच्या लहान मुलाला छातीशी धरते, कारण तिला तो आपलाच मुलगा वाटतो. पुढे तिला मनोरुग्णांच्या वॉर्डात ठेवलं जातं आणि बस पुढच्या गावाला निघून जाते. वुल्फने हे वेगात, जवळजवळ मौजेच्या सुरात लिहिलं आहे. तो वेग जरा थांबवून बघा. ती कोण होती, तिचं मूल कुठे होतं, तिला घ्यायला कोण आलं, परत गेल्यावर तिचं काय झालं? तुमच्या बैठकीतला अर्धा तास या एका बाईवर घालवलात तरी पुस्तकाला न्याय मिळेल.

आणि मग विसावं प्रकरण, ज्याच्यावरून पुस्तकाचं नाव आलं. फेब्रुवारी १९६६, लॉस एंजेलिसची वॉट्स वस्ती. सहा महिन्यांपूर्वीच तिथे मोठी दंगल होऊन गेलेली. एका गोदामात 'ॲसिड टेस्ट', म्हणजे प्रँकस्टर्सची एलएसडीची जाहीर पार्टी, भरली. मोठ्या पिंपांतून कूल-एड, म्हणजे मुलांना देतात ते पावडरीचं गोड सरबत, ठेवलेलं होतं. एका पिंपात एलएसडी होतं, दुसऱ्यात नव्हतं. कुठल्या पिंपात काय, याची सूचना सूचक, गमतीच्या भाषेत दिली गेली. ज्यांना खूण ओळखता आली नाही, ते नकळत प्यायले. एक तरुणी रात्रभर "कुणाला काय पडलंय" असा आक्रोश करत राहिली, आणि तिच्या तोंडासमोर माइक धरून तो आक्रोश सभागृहभर ऐकवला गेला.

तिथे न कळता प्यायलेल्या दुसऱ्या एका तरुणीने नंतर आपला अनुभव वुल्फला लिहून दिला, आणि तो पुस्तकात आहे. तिला त्या रात्रीतलं बरंच काही सुंदरही वाटलं होतं. म्हणून मला ते पान सगळ्यात अवघड वाटतं. परिणाम चांगला झाला म्हणजे न विचारता पाजणं क्षम्य ठरतं का? माझं उत्तर ठाम 'नाही' असं आहे. सीआयएने कोट-टाय घालून जे केलं आणि प्रँकस्टर्सनी रंगीत कपडे घालून जे केलं, त्यात उद्देशाचा फरक जरूर आहे. पिणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर पेल्यात काय आहे हे दोन्हीकडे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तुमच्या गटात वेगळं मत असणारे निघतील. त्यांना बोलू द्या, हा वाद करण्यासारखा आहे. एलएसडी चांगलं की वाईट या वादापेक्षा कितीतरी मोलाचा.

एका जागेबद्दल मात्र बैठकीआधीच सगळ्यांना सावध करा. तेराव्या प्रकरणात, १९६५च्या ऑगस्टमध्ये, 'हेल्स एंजल्स' ही मोटारसायकलवाल्यांची टोळी ला होंडाला पार्टीला येते. तिथे एका स्त्रीवर एकामागून एक पुरुष तुटून पडतात. वुल्फ ते अशा भाषेत लिहितो, जणू सगळं तिच्या मर्जीनेच चाललं होतं. आज ते वाचताना पोटात गोळा येतो. कुणाला ती पानं गाळायची असतील तर गाळू द्या आणि कारण विचारू नका. ज्यांनी वाचली त्यांनी तरी असं म्हणू नये की 'तो काळच तसा होता'. त्या काळातही त्या खोलीत ती बाई होती.

तुमच्या लक्षात आलं असेल, मी पुस्तकातल्या बायकांकडेच पुन्हा पुन्हा येते आहे. प्रँकस्टर्सचं एक सूत्र होतं: माणूस एकतर बसमध्ये असतो, नाहीतर बसबाहेर. फार मोहक सूत्र आहे, तरुण वयात तर फारच. पण ज्याला भीती वाटली, ज्याचा तोल गेला, ज्याने प्रश्न विचारला, तो या हिशेबाने आपोआप बाहेर जातो, आणि त्याला बाहेर काढल्याचा दोष कुणावर येत नाही. "तुम्हाला नाही कळणार, काका," हे वाक्य त्याच जातीचं आहे. "आपल्या संस्कृतीत बसत नाही," हेही. दोघांनी आपापली बस केली आणि तुमची मैत्रीण दोन्हींच्या बाहेर उभी राहिली. पुढच्या बैठकीत सुरुवातीलाच हे शांतपणे बोलून दाखवायला हरकत नाही. तिचं नाव न घेता.

काकांना गप्प करू नका, त्यांना काम द्या. अकरावं प्रकरण त्यांच्याकडे सोपवा. त्यात वुल्फ मोठ्या गंभीरपणे असं मांडतो की ही टोळी म्हणजे एखाद्या धर्माची पहिली अवस्था आहे. बुद्ध, जरथुस्त्र, ख्रिस्त यांच्याभोवती सुरुवातीला जशी एका विलक्षण अनुभवाने भारलेली मोजकी माणसं जमली, तशीच ही. मंडळ तयार होतं, त्याचा एक न बोललेला नियम असतो, आणि मधोमध असा एक माणूस, जो मी तुमचा पुढारी नाही असं म्हणत राहतो, पण सगळ्यांचे डोळे त्याच्यावर लागलेले असतात. हे खरं वाटतं का, हे सांगायला तुमच्या गटात काकांइतकं योग्य कोण? वारकरी पंथातही अनुभव आहे, तल्लीनता आहे, नाचणं-गाणं आहे. पण गळ्यात माळ घातली की नेम आला, एकादशी आली, मद्य-मांस सुटलं, आषाढीला पंढरीची वाट आली. अनुभवाला आचाराचा काठ आहे. भोंदू साधूंवर तुकोबांनी कोरडे ओढले तेही त्या काठावर उभं राहून. प्रँकस्टर्सकडे असा काठ नव्हता, असं काकांना वाटेल. कदाचित तो तरुण मुलगा म्हणेल की काठ नव्हता हेच त्यांचं स्वातंत्र्य. बोलू द्या दोघांना.

आणि 'आपली संस्कृती' या पुस्तकाच्या कडेकडेने सतत फिरते आहे, हेही काकांना दाखवा. ला होंडाच्या त्या पार्टीत असलेला कवी ॲलन गिन्सबर्ग १९६२-६३मध्ये वर्षाहून अधिक काळ भारतात राहून, मुंबईतल्या कवींना भेटून गेला होता. बस न्यूयॉर्कजवळ मिलब्रुकला एलएसडीचा प्रचारक टिमथी लिअरी याच्या मंडळींना भेटायला जाते आणि तिथे तिचं थंडं स्वागत होतं. त्या मंडळींत हार्वर्डहून काढून टाकलेला रिचर्ड अल्पर्ट होता. तो १९६७मध्ये भारतात आला, नैनितालजवळच्या कैंची इथे नीम करोली बाबांचा शिष्य झाला आणि रामदास हे नाव घेऊन अमेरिकेत परतला. गोव्यात हणजुण्याच्या किनाऱ्यावर पुढे जे परदेशी लोक झोपड्या घालून राहू लागले, तेही या लाटेतलेच. काकांनी त्या वर्षांत तरुणपणी मुंबईच्या किंवा पुण्याच्या रस्त्यांवर हिप्पी पाहिले असतील. तेव्हा काय वाटलं होतं, हे त्यांना विचारा. ती आठवण गटात दुसऱ्या कुणाकडे नाही.

काकांना आणखी एक सांगा: शेवटचं प्रकरण वाचल्याशिवाय निकाल देऊ नका. हे पुस्तक नशेची जाहिरात नाही. मेक्सिकोला पळून जाऊन परत आलेला किझी १९६६च्या ३१ ऑक्टोबरला 'ॲसिड टेस्ट ग्रॅज्युएशन' भरवतो, आता या रसायनाच्या पलीकडे जायला हवं असं सांगायला. कुणी फारसं ऐकत नाही. शेवटच्या पानांवर तो आणि त्याचा जिवलग मित्र आपण सगळं हातचं घालवलं, असं पुन्हा पुन्हा म्हणत राहतात. कॅसडी १९६८च्या फेब्रुवारीत मेक्सिकोतल्या एका रेल्वेमार्गाच्या कडेला बेशुद्ध सापडला आणि मेला, बेचाळिसावा वाढदिवस चार दिवसांवर असताना.

आता तो तरुण मुलगा. पुस्तक त्याने सुचवलं, त्याला ते मनापासून आवडलंय, आणि एका बैठकीत सगळे अंगावर आले तेव्हा तो दुखावलाही असणार. त्याला वेगळं गाठा आणि आधी पुस्तक सुचवल्याबद्दल आभार माना. मग दोन गोष्टी सांगा. पहिली: बैठकीत स्वतःच्या किंवा ऑफिसातल्या लोकांच्या सेवनाबद्दल बोलायचं नाही, व्हॉट्सॲपवर तर मुळीच लिहायचं नाही. हे सोवळेपणाने म्हणत नाही. एलएसडी अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात सर्वांत कडक वर्गात आहे. ओकलंडने २०१९मध्ये मशरूमसारख्या निसर्गात उगवणाऱ्या मादक पदार्थांवरच्या कारवाईला सर्वात खालचं स्थान देण्याचा ठराव केला, पण त्यात एलएसडी येत नाही आणि केंद्राचा कायदा त्याने बदलत नाही. तुमच्या गटात बरेचजण व्हिसावर किंवा ग्रीन कार्डावर असतील. नागरिक नसलेल्या माणसाला अशा गुन्ह्यात शिक्षा झाली तर देशाबाहेर काढलं जाऊ शकतं, आणि नुसती कबुलीसुद्धा पुढच्या प्रवेशाच्या वेळी आड येऊ शकते. एका उत्साही मेसेजपायी कुणाचं बस्तान उठावं, असं तुम्हाला नक्कीच वाटत नसणार.

दुसरी गोष्ट त्याच्या दाव्याबद्दल. बारीक मात्रांनी कामात चमक येते असं अनेकांना प्रामाणिकपणे वाटतं. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी २०२१मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात भाग घेणाऱ्यांना आपण खरी कॅप्सूल घेतोय की रिकामी, हे ठाऊक नव्हतं. रिकामी घेणाऱ्यांनाही जवळपास तितकंच बरं वाटलं. त्याने ते वाचावं आणि हवं तर त्याच्याशी वाद घालावा. आणि ज्याच्या घराण्यात स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर विकार आहे, त्याच्यासाठी हे पदार्थ खरोखर धोक्याचे आहेत, हे चारचौघांत शिफारस करण्याआधी त्याला माहीत असलं पाहिजे. समोर बसलेल्यांच्या घरात काय आहे, हे आपल्याला ठाऊक नसतं.

त्याला त्याच्या आवडीचं काम द्यायचं असेल तर हे द्या: पुस्तकाच्या पहिल्याच पानांवर ट्रक चालवणारा जो माणूस भेटतो, तो स्टुअर्ट ब्रँड. जानेवारी १९६६चा 'ट्रिप्स फेस्टिव्हल' भरवण्यात त्याचा पुढाकार होता, आणि दोन वर्षांनी त्याने 'होल अर्थ कॅटलॉग' काढला. सिलिकॉन व्हॅलीच्या पहिल्या पिढीने तो डोक्यावर घेतला होता. त्या फेस्टिव्हलपासून तुमच्या ऑफिसांपर्यंतची वाट त्याने दहा मिनिटांत मांडून दाखवावी. ऐकायला सगळेच बसतील.

ज्यांना पन्नास पानांपुढे जाता आलं नाही, त्यांना सक्ती करू नका. पहिली तीन प्रकरणं १९६६ची आहेत आणि गोष्ट नंतर मागे जाते, त्यामुळे पुष्कळजण तिथेच हरवतात. चौथ्यापासून सुरुवात करा, सहाव्यात बस निघते तिथून ह्यूस्टन येईपर्यंत वाचा, मग अकरावं, विसावं आणि सत्ताविसावं. एवढ्यावर उत्तम चर्चा होते. विसर्गासारखी टिंबांची रांग, अर्धवट तुटणारी वाक्यं, मध्येच पद्य, हे डोळ्यांनी वाचताना त्रास देतं. बैठकीत कुणीतरी दोन पानं मोठ्याने वाचून दाखवावीत. 'कोसला' १९६३मध्ये आली तेव्हाही ही कसली भाषा असं म्हणणारे होते, आणि आज तुमच्या गटातले निम्मे लोक पांडुरंग सांगवीकरची वाक्यं सहज बोलून दाखवतील. कान तयार व्हायला थोडा अवधी लागतो.

मुलाच्या हातून पुस्तक काढून घेऊ नका. काढून घेतलंत तर तो ते फोनवर वाचेल, आणि तुमच्याशिवाय वाचेल. सोळाव्या वर्षी त्याला त्या बसचं आकर्षण वाटणारच, ती तशीच लिहिलेली आहे. ह्यूस्टनची आणि वॉट्सची पानं त्याने वाचली की त्याच्याबरोबर बसा. काय वाटलं ते आधी त्याला बोलू द्या, तुमचं मत नंतर. त्या माइकसमोरच्या मुलीच्या जागी त्याच्या वर्गातली कुणी असती तर त्याने काय केलं असतं, हे विचारा. एक वस्तुस्थिती मात्र आडपडदा न ठेवता सांगा: आज अमेरिकेत रस्त्यावर किंवा मोबाइलवरून मिळणाऱ्या बनावट गोळ्यांत फेंटॅनिल हे हेरॉइनहून कितीतरी तीव्र रसायन सापडतं, आणि एका गोळीने मुलं मेली आहेत. पार्टीत कुणी काही दिलं तर ते घ्यायचं नाही. कुणी घेतलं आणि त्याची शुद्ध हरपायला लागली तर लगेच ९११ला फोन करायचा आणि मग तुम्हाला. रात्री कितीही वाजता त्याने फोन केला तरी तुम्ही गाडी घेऊन निघाल आणि त्या रात्री एक शब्द बोलणार नाही, असं वचन त्याला द्या. आणि तसा फोन आलाच, तर ते पाळा.

तुमची,
ताई